खो-खोच्या मुली आणि वीस किलोचा बार : एका सत्राच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै

आषाढी काल झाली, मुली होस्टेलवर परतल्या. आजपासून नोंदी. या सत्रात आमच्या कॉलेजच्या खो-खो आणि कबड्डीच्या मुलींना आठवड्यातून दोन दिवस जड वजनाचा व्यायाम द्यायचा आणि ऑक्टोबरच्या स्पर्धांपर्यंत काय बदलतं ते वहीत उतरवायचं, एवढाच प्रकल्प आहे.

आतापर्यंत आमच्याकडे जे चालायचं ते म्हणजे लॅडर (जमिनीवर अंथरलेली शिडी), कोन (प्लास्टिकचे शंकू), बोसू (अर्धगोल फुगीर चेंडू), रबरी पट्टे, प्लँक (कोपरांवर अंग ताठ धरणं). याला सगळे फंक्शनल ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे खेळातल्या हालचालींच्या जवळचा व्यायाम. ते घेणारा सहकारी माझाच जुना विद्यार्थी. तो नाशिकच्या कॉलेज रोडला स्वतःचे वर्गही चालवतो, अभ्यासू आहे. त्याचं म्हणणं असं : “मॅडम, मैदानात कुणी खांद्यावर बार घेऊन उभं राहत नाही. हालचाल पक्की करा, ताकद मागून येते.” माझं म्हणणं उलट आहे. आमच्या मुलींना हालचाल येते, त्या लहानपणापासून खेळतायत. त्यांच्याकडे जे नाही ते बळ आहे.

दोन गट करून तुलना करू, असं त्याने सुचवलं. मी नको म्हटलं. मुली मोजक्या, कुणाला ताप, कुणाची परीक्षा, कुणी गावाला. फरक दिसला तरी तो व्यायामाचा की माणसांचा, हे कळणार नाही. त्याऐवजी दोघांनी मिळून एक नियम केला : प्रत्येक व्यायामाला विचारायचं, याने खेळातलं नेमकं काय वाढतं आणि ते मोजायचं कसं. उत्तर मिळालं नाही तर तो व्यायाम वॉर्मअपमध्ये जाईल. नियम माझ्या व्यायामांनाही लागू.

९ जुलै

चाचण्या घेतल्या. मैदानात चिखल, म्हणून तीस मीटरऐवजी वीस मीटरची धाव व्हरांड्यात. उभी लांब उडी. भिंतीवर खडूची खूण करून उंच उडी. डडली सार्जंट या अमेरिकन व्यायामशिक्षकाने १९२१ साली मांडलेली ही चाचणी, आजही खडू आणि भिंत सोडून काही लागत नाही. शिवाय मोबाइलच्या स्लो मोशनवर पाय जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मोजला. वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८, की उंची मीटरमध्ये मिळते. अर्धा सेकंद हवेत म्हणजे साधारण ३०.७ सेंटिमीटर. गणित शिकणाऱ्या दोघींनी हे सूत्र स्वतः काढून दाखवलं, फार बरं वाटलं.

व्हिडिओत दुसरी एक गोष्ट दिसली. बाकावरून उडी मारून एका पायावर उतरताना निम्म्याहून जास्त मुलींचा गुडघा आत वळतो. दिशा बदलणाऱ्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या बंधाची) दुखापत मुलांपेक्षा काही पटींनी जास्त होते आणि त्यातल्या बऱ्याचशा कुणाचा धक्का न लागता, उतरताना किंवा वळताना होतात. यावर सहकाऱ्याकडे चांगलं काम आहे. वॉर्मअपची पहिली पंधरा मिनिटं पूर्ण त्याची.

१५ जुलै

दिंडोरीहून एका मुलीचे आईवडील भेटायला आले. वडील अदबीने बोलले, पण काळजी खरी होती. “मॅडम, वजन उचलून पोरीचं अंग जड होईल. मग ती पळंल कशी? कविता राऊत काय जिममधी गेली व्हती का?”

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न यायचाच. सावरपाड्याच्या कविताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाईत रौप्य मिळवलं. तेव्हापासून इथल्या प्रत्येक बापाच्या डोक्यात खेळ म्हणजे पळणं. मी त्यांना सांगितलं की दादा, दहा हजार मीटर पळणं आणि खो मिळाल्यावर दोन पावलांत झेप घेणं, यांना शरीराकडून लागणारी गोष्ट वेगळी. अंग जड होण्याबद्दलही सांगितलं. २००८ साली स्टोरेन आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेत लांब पल्ल्याच्या धावपटूंकडून आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जड हाफ स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन अर्ध्या बैठका) करून घेतले. चार सेट म्हणजे फेऱ्या, प्रत्येकीत चार रेप म्हणजे आवर्तनं. त्यांचं शरीराचं वजन वाढलं नाही, उलट ठरावीक वेगाने धावायला लागणारा ऑक्सिजन सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाला. कमी रेप आणि जड वजन यांत आधी सुधारतो तो मेंदू आणि स्नायूंमधला संदेश. जास्त स्नायूतंतू कामाला लागतात आणि लवकर लागतात. दंड फुगवायचे असतील तर त्याला वेगळं खाणं आणि व्यायामाची वेगळी आखणी लागते.

आई तोवर गप्प होती. जाताना म्हणाली, “ताई, घरी ती हंडे-कळश्या उचलतेच की. तिथं वजन चालतं, मग इथं का नाही?” परवानगी मिळाली.

१८ जुलै

रॅक आला, म्हणजे बार टेकवून ठेवायचा लोखंडी सांगाडा. सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा करून घेतला, दोन्ही बाजूंना सेफ्टी आडवे दांडे लावून. एकटी मुलगी स्क्वॉटमध्ये अडकली तर बार त्या दांड्यांवर टेकवून तिला बाहेर येता आलं पाहिजे, हे त्याला दोनदा समजावलं. काम चोख केलंय.

पहिले दोन आठवडे कुणालाही जड वजन नाही. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, मग रिकामा बार, म्हणजे वजनाच्या प्लेटा न लावलेला वीस किलोचा दांडा. टाच उचलायची नाही, गुडघा पंजाच्या दिशेने, पाठीचा कणा ताठ. डेडलिफ्टसाठी (बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहण्यासाठी) आधी कमरेतून वाकायला शिकवायचं; काठी पाठीला लावली, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे.

लासलगावची मुलगी पहिल्याच दिवशी नीट वाकली. घरी उन्हाळ्यात कांद्याच्या गोण्या भरायला-लावायला असते. तिला मी काही शिकवलं नाही, फक्त श्वास कधी रोखायचा ते सांगितलं.

१ ऑगस्ट

लॅडरवरून सहकाऱ्याशी लांब चर्चा झाली, चहाचे दोन कप संपले. त्याचं म्हणणं, पाय भराभर पडायला लागले की वेग वाढतो. मी धावण्यावर संशोधन करणारे पीटर वेयँड यांचं २००० सालचं काम पुढे ठेवलं. वेगवान आणि संथ धावणाऱ्यांची सर्वोच्च वेगाला तुलना केली तेव्हा पाय हवेतून पुढे आणायला दोघांना जवळजवळ तेवढाच वेळ लागत होता. फरक होता जमिनीवर लावलेल्या जोरात. सेकंदाला ११.१ मीटर जाणारा धावपटू ६.२ मीटर जाणाऱ्यापेक्षा, शरीराच्या वजनाच्या तुलनेत, १.२६ पट जोर लावत होता. म्हणजे वेग जमिनीतून येतो. लॅडरवर पाय जमिनीला नुसते शिवतात, जोर लावायला तिथे वावच नाही.

तो म्हणाला, “बरोबर. पण धावताना पाय जमिनीवर दशांश सेकंदच असतो. तुमच्या स्क्वॉटला तीन सेकंद लागतात. तो जोर वेळेत निघणार कसा?”

हा प्रश्न खरा आहे आणि जड व्यायामाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. स्नायूला पूर्ण जोर गाठायला ढोबळमानाने ०.३ सेकंद किंवा जास्त लागतात, खेळात तेवढा वेळ मिळत नाही. अनुभवी, आधीच बळकट खेळाडूचं बळ आणखी वाढवून फारसा फायदा होत नाही. त्याला उड्या, क्लीन (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यापर्यंत घेणं), वजनदार मेडिसिन बॉल फेकणं असं वेगाचं काम लागतं. पण आमच्या मुलींचं तसं नाही. ज्यांनी कधीच बार धरला नाही, त्यांचं एकूण बळ वाढलं की पहिल्या दशांश सेकंदातला वाटाही वाढतो. शिवाय जड बार हळू वर जात असला तरी तो जोरात ढकलायचा ‘इरादा’ हवा. रेंगाळत उचललेल्या वजनाचा वेगाला उपयोग कमी. म्हणून आमच्या हॉलमध्ये खाली सावकाश, वर झपाट्याने.

निर्णय : लॅडर वॉर्मअपमध्ये, पाच मिनिटं. त्याने मान्य केलं. बदल्यात त्याने उड्यांचं काम मागितलं, तेही मी आनंदाने दिलं.

८ ऑगस्ट

सिन्नरच्या मुलीचा घोटा मुरगळला, कबड्डीत कोपऱ्यात पाय मागे घेताना. सूज उतरल्यावर सहकारी तिला बॅलन्स बोर्डवर घेतो आहे. इथे माझी काही तक्रार नाही. बोर्डाचं मूळ घरच हे. १९६५ मध्ये ब्रिटिश सर्जन फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी घोटा मुरगळल्यानंतर पाय वारंवार का लचकतो याचा अभ्यास केला आणि डळमळत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम दिला. लचकलेल्या घोट्यासाठी तो आजही उत्तम.

अडचण होते ती धडधाकट खेळाडूला ताकद वाढवण्यासाठी त्याच फळीवर उभं केलं की. पाय डळमळले की शरीर आधी पडण्यापासून वाचायचं बघतं, जोर कमी लावतं. २००७ साली अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंवर क्रेसी आणि सहकाऱ्यांनी दहा आठवड्यांचा प्रयोग केला. नेहमीच्या व्यायामातले काही प्रकार एका गटाने हवेच्या रबरी चकत्यांवर केले, दुसऱ्याने जमिनीवर. जमिनीवरच्यांची उडी सुधारली, चकत्यांवरच्यांची तेवढी नाही. खो-खो काय आणि कबड्डी काय, जमीन हलत नाही. हलतो तो खेळाडू आणि समोरचा.

गंमत म्हणजे जड वजनाचा व्यायामसुद्धा इस्पितळातूनच आला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने गुडघे दुखावलेल्या सैनिकांना हलक्या, पुष्कळ रेपऐवजी वाढत जाणारं जड वजन द्यायला सुरुवात केली. सैनिक लवकर उभे राहिले. १९४५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. ‘वजनाने गुडघे जातात’ असं कुणी म्हटलं की मला हे सांगावंसं वाटतं.

१३ ऑगस्ट

आज मोठ्या आनंदाची नोंद.

खो-खोत आक्रमण करणाऱ्या मुली चौकोनात उकिडव्या बसलेल्या असतात. गुडघे पूर्ण दुमडलेले, हात जमिनीवर. पाठीवर खो बसला की त्या स्थितीतून थेट उसळायचं. आधी खाली जाऊन उसळी घ्यायला सवड नाही. स्प्रिंग दाबून सोडावी तशी ती सुरुवात नसते, स्थिर अवस्थेतून निव्वळ बळावर उठणं असतं. मग आमचा स्क्वॉटही तसाच हवा! आजपासून खो-खोच्या मुलींना खाली पूर्ण बसून, दोन सेकंद थांबून उठायचं. वजन साहजिकच कमी घ्यावं लागलं, पण चौथ्या सेटला कोपरगावची मुलगी म्हणाली, “मॅडम, हे तर खो मिळाल्यासारखंच आहे.” सहकारी हसून म्हणाला, हे माझ्यापेक्षा फंक्शनल झालं.

कबड्डीच्या मुलींना थांबा नाही. त्यांना डेडलिफ्ट, बार ओढून पोटाशी आणणं आणि टॉवेल धरून लटकणं. घोट्याची पकड केली की चढाई करणारी मध्यरेषेकडे फरपटत नेते; तिथे बोटं, पाठ आणि मांडी एकाच वेळी धरून ठेवावी लागतात. वाळू भरलेली कांद्याची गोणी छातीशी कवटाळून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणंही ठेवलं. याला फंक्शनल म्हणा, जड म्हणा, मला दोन्ही मान्य.

२२ ऑगस्ट

ढोल पथकांचे सराव जोरात. संघातल्या चार जणी पथकात आहेत. गोदापार्कात रात्री दोन-दोन तास कमरेला ढोल बांधून वाजवतात आणि सकाळी माझ्याकडे येतात तेव्हा कंबर धरलेली असते. पथक सोडा म्हणणार नाही, नाशिकच्या मुली आहेत, त्यांचा तो सण आहे. त्या चौघींची डेडलिफ्ट विसर्जनापर्यंत बंद, स्क्वॉट निम्म्या सेटचे. ढोल हा सुद्धा भार आहे आणि तो वहीत धरला पाहिजे.

२ सप्टेंबर

मेसच्या ताटाकडे बघायला हवं होतं, ते आज केलं. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, रात्री तेच. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं २०१८ मधल्या बऱ्याच प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. बावन्न किलोच्या मुलीला झाले सुमारे ८३ ग्रॅम. मेसच्या ताटात याच्या निम्मेही असतील तर नशीब. पावडरचा डबा परवडणारा नाही, गरजही नाही. मेसच्या मावशींशी बोलून ठरवलं : रोज मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, आठवड्यातून तीनदा सोया चंक्स. कोरड्या पन्नास ग्रॅम चंक्समध्ये पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. ज्या खातात त्यांना दोन अंडी, बाकीच्यांना मूठभर शेंगदाणे आणि दूध.

त्याहून महत्त्वाचं रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. आमच्या मुली याच देशातल्या. सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. ज्यांचं कमी आलं त्यांना डॉक्टरांकडे पाठवलंय, आणि गोळ्या सुरू होऊन अंगात उभारी येईपर्यंत त्यांना वजन वाढवायचं नाही. दमलेल्या मुलीला ‘आळशी’ म्हणणं मला सहन होत नाही.

१६ सप्टेंबर

मधल्या चाचण्या. बळ सर्वांत जास्त वाढलं, हे अपेक्षित होतं. लासलगावची मुलगी आता साठ किलोने पाच स्क्वॉट करते. पाचच रेपवरून एका रेपचा अंदाज काढतो : वजन गुणिले एक अधिक रेप भागिले तीस, म्हणजे सत्तर किलो. प्रत्यक्ष एका रेपची चाचणी घेत नाही, या टप्प्यावर त्याची जोखीम कशाला.

उंच उडी बहुतेकींची वाढली. वीस मीटरची धाव जेमतेम. दोघींची उडी आहे तिथेच आहे, बळ वाढूनही. त्या दोघी आता सहकाऱ्याकडे जास्त वेळ उड्यांचं काम करतील. बळ आहे, ते झटक्यात वापरायला शिकायचं आहे.

गुडघा आत वळण्याचं काय झालं? सुधारलं, आणि श्रेय सहकाऱ्याच्या पंधरा मिनिटांना. आरशासमोर उतरणं, आवाज न करता उतरणं, जोडीदाराचा हलका धक्का घेत एका पायावर स्थिर राहणं. ताकद वाढली म्हणून उतरण्याची पद्धत आपोआप बदलत नाही, ती वेगळी शिकवावी लागते. फुटबॉलमध्ये फिफाचा वॉर्मअप कार्यक्रम नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर तपासला गेला आणि २००८ मध्ये त्याचे निकाल आले, त्यातही गंभीर दुखापती कमी झाल्या होत्या. त्या कार्यक्रमात धावणं, तोल, उड्या आहेत, तशी नॉर्डिक हॅमस्ट्रिंगसारखी (घोटे धरून ठेवलेले असताना गुडघ्यांवरून अंग सावकाश पुढे झुकवणं) ताकदीची कामंही आहेत. आणि २०१४ सालच्या लॉअरसन यांच्या विश्लेषणात ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या; नुसत्या स्ट्रेचिंगचा फायदा दिसला नाही. नॉर्डिक आम्ही जुलैपासून करतोय. मांडीची मागची बाजू पहिले दोन आठवडे इतकी दुखली की होस्टेलचे जिने मुली कठडा धरून उतरत होत्या. आता कुणी कुरकुरत नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. मुलींनी रॅकला, बारला, प्लेटांना झेंडू वाहिले, हळदकुंकू लावलं. मागच्या वर्षापर्यंत पूजा फक्त खांबांची आणि मॅटची व्हायची. दिंडोरीची आई मुलीसोबत आली होती. तिने रिकामा बार उचलून पाहिला आणि म्हणाली, “एवढाच?”

१० ऑक्टोबर

विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू. खो-खोत उपांत्य फेरीत हरलो, समोरचा संघ संरक्षणात सरस होता, विशेषतः खांबाजवळ. कबड्डीत मुली अंतिम फेरीत गेल्या आणि हरल्या. निकालाचं श्रेय किंवा दोष स्क्वॉटला देण्यात अर्थ नाही, सामना शंभर गोष्टींनी ठरतो. मला जे दिसलं ते लिहिते : दुसऱ्या डावाच्या शेवटी आमच्या खो-खोच्या मुली उठताना हाताने जमीन ढकलत नव्हत्या. मागच्या वर्षी ढकलत होत्या. आणि सिन्नरची मुलगी पूर्ण स्पर्धा खेळली.

स्पर्धेच्या काळात वजनाचा एकच दिवस ठेवला, दोन व्यायाम, कमी सेट, वजन मात्र तेवढंच. आठवड्यातून एकदा जड काम केलं तर कमावलेलं बळ हंगामभर टिकतं, दोन आठवड्यांतून एकदा केलं तर उतरायला लागतं. नॉर्वेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंवर हे २०११ मध्ये तपासलं गेलं आहे. आमच्याकडे स्पर्धा आली की जिमला कुलूप लागतं, तीन महिन्यांची कमाई तीन-चार आठवड्यांत ओसरू लागते. हे बदलायला प्राचार्यांनी संमती दिली.

१६ ऑक्टोबर

सहकाऱ्याशी पुढच्या सत्राची आखणी. दोघांत आता फारसा वाद उरलेला नाही, तरी एका मुद्द्यावर तो ठाम आहे आणि मीही. त्याला वाटतं पहिल्या वर्षाच्या मुलींना आधी सहा आठवडे फक्त शरीराच्या वजनावर काम द्यावं. मला वाटतं रिकामा बार पहिल्या आठवड्यातच हातात यावा. आपल्याकडे जोर-बैठकांची मोठी परंपरा आहे आणि त्याने दम फार चांगला वाढतो. पण दोनशे बैठका मारणारी मुलगी तीनशे मारायला लागली तर ती जास्त वेळ टिकेल, पण जास्त जोर लावेल असं नाही. जोर वाढवायचा तर भार वाढला पाहिजे. नव्या मुली आल्या की निम्म्यांना त्याच्या पद्धतीने, निम्म्यांना माझ्या पद्धतीने सुरुवात करू आणि तंत्र कुणाचं लवकर बसतं ते व्हिडिओवर बघू. इथे गट करता येतील, कारण सगळ्या एकाच रेषेवरून निघतील.

दिवाळीच्या सुट्टीत घरी करायचं कागदावर लिहून दिलं : पाठीवर दप्तरात पुस्तकं किंवा धान्य भरून एक पाय पुढे, एक मागे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, पलंगाखाली पाय अडकवून नॉर्डिक, गोणी उचलून चालणं, आठवड्यातून दोनदा. लासलगावच्या मुलीला गोणीसाठी जागा शोधावी लागणार नाही. सुट्टीनंतर रॅक तळमजल्यावर हलवायचा आहे, वरच्या हॉलमध्ये डेडलिफ्टच्या आवाजाने खालच्या वर्गांना त्रास होतो. आणि रबरी मॅटचे दोन तुकडे हवेत, त्याचं कोटेशन सोमवारपर्यंत ऑफिसला द्यायचं.